तीनदा विचारणारे रफूचाचा

कुणाचाही कम्प्युटर उघडण्याआधी रफूचाचा एकच प्रश्न तीन वेळा विचारत. एकदा विचारून त्यांचं भागत नसे, आणि तिसऱ्यांदा विचारताना ते समोरच्याचं मनगट धरून ठेवत. प्रश्न साधा होता. "याच्यात असं काही हाय का, जे गेलं तं परत येणार नाई?" पहिल्यांदा माणूस म्हणे, "नाही हो चाचा, काही नाही." दुसऱ्यांदा जरा चिडून म्हणे, "सांगितलं न एकदा, काही नाही." आणि तिसऱ्यांदा तोच माणूस डोकं खाजवत म्हणे, "थांबा बरं, पोरीच्या लग्नाचे फोटो असतीन बहुतेक." मग चाचा मनगट सोडत. "पाह्य. पहिले दोन जबाब तोंडाचे राह्यते. तिसरा आतून येते."

वणीच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. वडील रफूगर. कोटाला, शालूला पडलेलं भोक ते असं विणून देत की खुद्द मालकाला जागा सापडू नये. चाचांनी सुई काही धरली नाही. आधी रेडिओ उघडले, मग टीव्ही, मग कम्प्युटर. पण नाव वडिलांचंच चिकटलं. त्याचा त्यांना अभिमान होता. "बाप कपडे रफू करत होता, मी मशिनी करून राह्यलो. धंदा एकच हाय. लोकं फेकाले निघते, आपण म्हणाचं, थांब, अजून चालते."

माझा कम्प्युटर फेकायलाच निघाला होता. मुकुटबनला माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं लहानसं केंद्र आहे. ऐन प्रवेशाच्या दिवसांत माझं यंत्र असं अडून बसे की बाहेर रांगेतल्या बायका म्हणत, मॅडम, आमचा बैल याच्यापेक्षा लवकर उठते. त्यात स्क्रीनवर सूचना झळकू लागली की ही सिस्टीम आता बंद होणार, नवी विकत घ्या. दोन दुकानदारांनी नवा कम्प्युटरच घ्या म्हणून सांगितलं. तिसऱ्याने हसत हसत रफूचाचांचा पत्ता दिला. चाचांनी यंत्राचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, आणि डॉक्टरसारखं तोंड करून म्हणाले, "मेली नाई बेटा. थकली हाय. वजन जास्त झालं तिले. विकतची सिस्टीम काढून लिनक्स टाकू, पळते का नाई पाह्य."

मी म्हटलं, "ते फुकटातलं असतं न, चाचा?" त्यांना तो शब्द खपत नसे. "फुकट नाई, मोकळी म्हण. फुकटातलं माणूस फेकून देते. मोकळं असलं तं सांभाळते."

मला वाटलं, आता हे काम करतील आणि मी बाजार करून येईन. कसचं काय! त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः हात काखेत घालून बाजूला बसले. प्रत्येक बटण मीच दाबायचं. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं की ते छताकडे पाहत. "माह्या हातानं केलं तं ते माहं होईन. बिघडलं की तू माह्या दारात येशीन. तुह्या हातानं केलं तं बिघडल्यावर तूच बसशीन त्याच्यापाशी." तीन तास लागले. निघताना म्हणाले, "आता आठ दिवस रड. मंग शुक्रवारी ये आन् काहून रडली ते सांग."

शुक्रवारची ती बैठक ही चाचांची खरी कमाई होती. जुम्म्याची नमाज आटोपून ते येत, आणि तीन ते पाच दुकानात दुरुस्ती बंद. कितीही मोठं गिऱ्हाईक असो, स्क्रू फिरवायचा नाही. त्या दोन तासांत नव्याने लिनक्सवर आलेल्यांनी आपली आपबीती सांगायची. रेडिओच्या जमान्यातलं एक लाकडी स्टूल होतं. आठवड्याभरात जो सगळ्यांत नवा आला, तो त्या स्टुलावर बसे. जुन्यांनी मध्ये बोलायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही. आणि पुढच्या आठवड्यात जो नवा येईल, त्याचा हात धरायचा तो या स्टुलावरच्यानं, चाचांनी नाही. मी विचारलं, असं उलटं का? तुम्हाला तर सगळं येतं. "तेच तं वांधं हाय. जुन्याले ठेच कुठं लागलती तेच आठवत नाई. नव्याचा आंगठा अजून ठणकून राह्यते. तो बराबर सांगते, इथं दगड हाय म्हणून."

त्या स्टुलावर मी काय काय ऐकलं आहे! मुकुटबनचे गजाननभाऊ, कापसाच्या शेतीतून वेळ काढून पोरीसाठी कम्प्युटर शिकत होते. ते पिशवीत कीबोर्ड गुंडाळूनच आले. "चाचा, पासवर्ड टाकतो तं एकही अक्षर उमटत नाई. नवा कीबोर्ड घेतला, त्याचंही तेच." लिनक्सच्या त्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, मुकाट्यानं टाकायचा आणि एंटर दाबायचा, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सगळे पोट धरून हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी जाडजूड रजिस्टर काढलं आणि गजाननभाऊंनाच ते लिहायला लावलं. राजूरच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले टाइमकीपर काका तर आपबीतीसुद्धा हजेरी घेतल्यासारखी सांगत. सोमवारी आवाज गेला, मंगळवारी आवाज आला, बुधवारी प्रिंटर गेला. त्यांचा कम्प्युटर आला की चाचा आधी तो गल्लीत नेऊन त्यातला कोळसा झाडत.

माझी पाळी आली तेव्हा मी खरोखर रडले होते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले माझे सगळे मराठी अर्ज उघडले की मुंग्यांची रांग दिसत होती. चाचा म्हणाले, "लिही. तुह्यासारख्या दहा येतीन." आणि खरंच आल्या. दर वेळी मीच त्यांच्या शेजारी बसले. हळूहळू मला चांगलंच येऊ लागलं. तीन-चार यंत्रं मी चाचांशिवाय उरकली. मला शिंगं फुटली होती, हे आता कळतं. नवा मुसलमान जास्त बांग देतो म्हणतात. हे मी एकदा चाचांसमोर बोलून गेले आणि जीभ चावली, तर ते खदखदून हसले. "आन् जुना मुसलमान बांग झाली तरी चाय पीत राह्यते, हेही सांग."

दुकानात एक गोष्ट मात्र सगळ्यांना खुपायची. कोपऱ्यात जुन्या चादरीचं कव्हर घातलेला एक कम्प्युटर होता आणि त्यात विकतची जुनी सिस्टीम तशीच होती. तालुक्याला मोकळं करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात हे! टाइमकीपर काका दर शुक्रवारी टोमणा मारत, "दिव्याखाली अंधार, चाचा." चाचा स्कॅनरकडे बोट दाखवत. "याचा स्कॅनर मोकळ्या सिस्टीमवर चालत नाई. म्हणून ठेवला." आम्ही विश्वास ठेवला. त्यांच्या तोंडून खोटं कधी ऐकलंच नव्हतं. आपबीतीत तर त्यांचा नियमच होता, झाकायचं नाही.

एका वर्षी चाचा त्यांच्या मुलीकडे, शबानाकडे पांढरकवड्याला गेले. नातीचा अकीका, म्हणजे आपल्याकडचं बारसं-जावळ, होता. दोन दिवसांसाठी दुकानाची किल्ली माझ्याकडे दिली. त्याच सुमारास मला इंटरनेटवर त्या स्कॅनरचा उपाय सापडला होता. माझ्या मनात आलं, चाचा परत येतील तेव्हा कोपऱ्यातलं यंत्र पळत असेल, स्कॅनर चालत असेल, आणि शुक्रवारी टाइमकीपर काकांचं तोंड बंद होईल. केवढा आनंद झाला होता मला! मी कव्हर काढलं. डेस्कटॉपवरचं, डॉक्युमेंटमधलं सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. डी ड्राइव्ह उघडून पाहिली. तिच्यात एकच फोल्डर होतं, नाव 'बाद में'. गिऱ्हाइकांची राहिलेली कामं असतील असं वाटलं. ते मी उतरवलं नाही. आपल्याकडे लहान पोरालाही शिकवलेलं असतं की सी उडाली तरी डी राहते, महत्त्वाचं असेल ते डीमध्ये ठेवा. मला वाटायचं डी ही वेगळीच डिस्क आहे. आजवर मी लिनक्स टाकलेली सगळी यंत्रं मालकाच्या परवानगीनं पूर्ण कोरी केली होती, त्यामुळे प्रश्न कधी पडला नव्हता. सी आणि डी म्हणजे एकाच खोलीत मध्ये पडदा लावून केलेल्या दोन खोल्या आहेत, हे मला माहीत नव्हतं. स्क्रीननं विचारलं, पूर्ण डिस्क पुसायची का? मी हो म्हटलं. स्क्रीन एकदाच विचारते. तीनदा विचारणारा माणूस पांढरकवड्याला होता.

गुरुवारी दुपारी चाचा आले. मी दारातच उभी होते, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. नवी स्क्रीन पाहिली. मग अगदी हळू एकच शब्द विचारला, "डी?"

मी म्हटलं, "असेल न चाचा, दिसत नाही फक्त, जोडावी लागेल." बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं, मी काय पुसलं ते. त्यांनी पुढे होऊन भिंतीतला प्लग उपटला. "आता याच्यावर काही लिहाचं नाई, नाई तं उरलंसुरलंही जाईन," एवढं म्हणाले. टोपी काढून टेबलावर ठेवली. पाणी मागितलं. पाणी प्यायले आणि मग सांगितलं, माझ्याकडे न पाहता.

चाचींच्या गळ्यात गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि हेही सांगितलं की आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी चाचांनी त्यांना दुकानात आणलं, याच यंत्रासमोर बसवलं, माइक जोडला आणि म्हणाले, जे बोलायचं ते बोलून ठेव. चाचींना लाज वाटली. त्यांनी चाचांना बाहेर पाठवलं. चाचा समोरच्या भांड्यांच्या दुकानाच्या मागच्या पायरीवर तासभर बसून राहिले. आत काय बोलणं झालं ते त्यांना माहीत नव्हतं. ऑपरेशन झालं, आवाज गेला, आठ महिन्यांनी चाचीही गेल्या. "मंग ऐकू म्हटलं. आज ऐकू, उद्या ऐकू. हिंमत नाई झाली बेटा. आवाज सरला तं मंग काय उरते? म्हणून फोल्डरले नावच देऊन टाकलं."

"दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलं नव्हतं का, चाचा?" मी विचारलं. जगाला तीनदा विचारणाऱ्या माणसाने?

"उतरवाले उघडा लागते न. ऐकू येईन म्हणून भेव वाटे." आणि मग, "मले कोणी इचारलंच नाई कधी. मी इचारत राह्यलो सगळ्यायले."

मी तिथे जमिनीवर बसून रडले. ते मला रागावले असते, दुकानातून हाकललं असतं, तर मी त्यांची ऋणी झाले असते. त्यांनी मला बसपर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी जाणार नव्हते. पण न जाणं हे झाकणं झालं असतं, म्हणून गेले. सगळे जमले आणि चाचा सरळ जाऊन त्या लाकडी स्टुलावर बसले. सगळ्यांत नवे तेच होते न! टाइमकीपर काकांनी टाळी वाजवली. चाचा म्हणाले, "माही मशीन परवा मोकळी झाली. पळते चांगली. स्कॅनरही चालून राह्यला. डी ही वेगळी डिस्क नसते, हे मी कोणालेच सांगतलं नव्हतं, रजिस्टरमंदी लिहिलं नव्हतं. चूक माही हाय. लिहून घ्या." कोणाला काही कळलं नाही. मी उठले. "चाचांची नाही हो, चूक माझी..." एवढंच बोलले असेन. चाचांनी हात वर केला. "बस, बेटा. आज तुहा नंबर नाई. आज माहा नंबर हाय."

पुढचे आठ दिवस त्यांनी ती डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून पुसलेल्यातून काय निघतं ते शोधलं. मी रोज मुकुटबनचं केंद्र अर्ध्या दिवसाने बंद करून जात होते. नावं गेलेल्या हजारो फायली निघाल्या. लोकांचे सातबारे, गुणपत्रिका, कुणाचं रेशनकार्ड. आम्ही एकेक उघडत होतो. आवाजाची म्हणून एकच फाइल सापडली, अकरा सेकंदांची. चाचांनी हेडफोन लावला नाही. मी उठून बाहेर जाऊ लागले तर म्हणाले, "बस." आधी खरखर, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग एक बारीक, जरा घोगरा आवाज: "चालू हुआ क्या जी?" थोडा वेळ काहीच नाही. मग, "अच्छा. अब तुम जाओ बाहर." संपलं.

चाचांनी फाइल बंद केली. मग म्हणाले, "एवढं तं मी ऐकलंच होतं."

त्या वाक्याने माझ्या आत जे तुटलं ते अजून सांधलं गेलेलं नाही, आणि सांधावं असंही मला वाटत नाही.

त्यानंतर ते कोपऱ्यातलं यंत्र त्यांनी वापरायला काढलं. मोकळ्या सिस्टीममध्ये यंत्र सुरू होतानाचा आवाज हवा तो ठेवता येतो. एकदा मी सकाळी लवकर पोचले. चाचांची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी बटण दाबलं, स्क्रीन उजळली आणि दुकानात आवाज आला, "चालू हुआ क्या जी?" चाचा स्टूल पुढे ओढत, रोजचं बोलणं बोलावं तसं म्हणाले, "हौ, चालू हाय. बोल." मी पायरीवरून मागे फिरले आणि बाजारात एक चक्कर मारून आले. सात वर्षं त्यांनी रोज दुकान असं उघडलं असणार. सात वर्षं शुक्रवार चालले, मीही गेले, पण माझा नंबर त्यांनी कधी लावला नाही.

गेल्या हिवाळ्यात शबानाकडेच चाचांच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर शबानाने मला दुकानात बोलावलं. गाळा रिकामा करायचा होता. रजिस्टर आणि कोपऱ्यातलं यंत्र बाजूला काढलेलं होतं. "अब्बा बोल के गए थे, ये मुकुटबनवाली को देना." तिनं सहज बटण दाबलं. आईचा आवाज ऐकून ती खालीच बसली. तिला तो ठाऊक होता, चाचांनी तिच्या फोनवर पाठवला होता. डोळे पुसून म्हणाली, "इतनाच है. अब्बा बोले, अम्मी से जादा बोला नहीं गया."

झाकायचं नाही म्हणणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या लेकीपासून हे झाकलं होतं, माझ्यासाठी. माझा नंबर आला होता. मी त्या लाकडी स्टुलावर बसले आणि शबानाला सगळं सांगितलं. पेन ड्राइव्हपासून 'बाद में'पर्यंत. तासाभराचं बोलणं होतं तेही सांगितलं. ती उठली. आम्ही चहा प्यायलेले कप घेऊन मागे गेली, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. परत आली तेव्हा डोळे लाल होते. माझ्याकडे न पाहता, अगदी बापासारखीच, म्हणाली, "ले जा मशीन. अब्बा बोले थे."

रजिस्टरमध्ये चाचांनी त्या शुक्रवारी आपल्या हाताने लिहिलेलं पान आहे. त्याच्या समोरचं पान त्यांनी कोरं ठेवलं होतं. सात वर्षांत कोणालाही तिथे लिहू दिलं नाही. ते पान मी आता भरलं आहे. शुक्रवारी तीन ते पाच मुकुटबनच्या माझ्या केंद्रात फॉर्म भरणं बंद असतं. गजाननभाऊ येतात, नवे येतात. मी आधी माझं पान वाचते, मग मनगट धरून तीनदा विचारते.

चाचांचं यंत्र माझ्या टेबलावर आहे. रोज सकाळी बटण दाबते आणि ते विचारतं, "चालू हुआ क्या जी?" मी उत्तर देत नाही. तो हक्क माझा नाही. चाचांना "हौ, बोल" म्हणायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ मी हात मांडीवर ठेवून थांबते. मग चाची म्हणतात, "अच्छा. अब तुम जाओ बाहर."